उंबऱ्याबाहेरच्या बाई

आमच्या बाईंना कुणी तोंडावर संत म्हटलं असतं, तर त्यांनी छत्री उगारली असती. ती छत्री त्या उन्हात वापरत, पावसात वापरत, आणि उरलेल्या वेळी मुलींना दटावायला वापरत. बाई ख्रिस्ती, मूळच्या अहमदनगरकडच्या. मद्रासला तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत, कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचं एक छोटं वसतिगृह त्या चालवत. तमिळ मुली त्यांना 'वार्डनम्मा' म्हणायच्या. मराठी बोलणाऱ्या आम्ही तिथे दोघीच, त्यामुळे त्यांना 'बाई' म्हणणारी मी एकटी.

आता आम्ही दोघी मराठी बोलायचो खरं, पण एकमेकींना कळायला दोन महिने गेले. मी तंजावरची. आमच्या घरातलं मराठी पिढ्यान् पिढ्या तमिळच्या शेजारी राहून जसं झालं तसं झालेलं. मी पहिल्याच दिवशी म्हणाले, "मज गणित शिकायचं अहे," तर बाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "हे काय गं, बखर वाचल्यासारखी बोलतेस?" आज मी हे जे मराठी लिहिते आहे ते त्यांनी शिकवलेलं आहे. चुकलं असेल तर दोष माझा, कारण त्या शिकवताना मी निम्मा वेळ हसत असे.

स्वभाव भयंकर तापट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी त्यांचा मेणाचा पुतळा करायला नको. दूधवाला, धोबी, पोस्टमन, सगळे त्यांना टरकून असत. पण या तापट बाईचा एक नेम होता. सकाळची प्रार्थना झाली की त्या त्या दिवसापुरती एक गोष्ट सोडायच्या, स्वतःच्या आवडीची, कुणा दुसऱ्यासाठी. आज खिडकीची जागा, उद्या पंखा, परवा दुपारची झोप. कुणाला सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. येशूने वधस्तंभ उचलला, आपल्याला तेवढं कुठलं झेपायला, आपण निदान दिवसाला एक काटकी तरी उचलावी, असं त्या म्हणत.

काटकी उचलण्याची पद्धत मात्र त्यांची स्वतःची होती. बसमध्ये खिडकी मिळाली की त्या शेजारणीला उठवून तिथे बसवत. शेजारणीच्या तोंडावर ऊन येई, ती बिचारी "वेंडाम् अम्मा, नको" म्हणे, पण बाई ऐकत नसत. पंखा सोडायचा तर तो उचलून आमच्या अभ्यासाच्या खोलीत आणून ठेवत, आणि वर आम्हालाच ओरडत, "बसा आता वारा खात, राण्या!" त्याग करताना चेहरा हसरा असावा असं पाळकसाहेब ख्रिस्ती देवळात सांगत म्हणे. बाईंना ते कधीच जमलं नाही. मी एकदा विचारलं, एवढी चीड येते तर करता कशाला? तर म्हणाल्या, "चीड येते म्हणूनच. आवडीने केलं तर ती हौस झाली."

आणि कुणी आभार मानले की संपलंच. "गेलं! फुकट गेलं!" म्हणून कपाळावर हात मारून घेत आणि त्या दिवसापुरतं आणखी एक काहीतरी सोडत. आमच्यातल्या एका चावट मुलीने हे हेरलं. एका सकाळी तिने बाईंचे पाच वेळा आभार मानले. पहिल्या वेळी तिला केळं मिळालं, दुसऱ्या वेळी बाईंची उशी, तिसऱ्या वेळी रविवारच्या पेपरातलं पहिलं वाचन, चौथ्या वेळी केसांचं खोबरेल तेल. पाचव्या वेळी पाठीत छत्री मिळाली.

सगळ्यात अवघड गोष्ट त्या क्वचित सोडत. ती म्हणजे वादातला शेवटचा शब्द. ज्या दिवशी ती सोडलेली असे त्या दिवशी लगेच कळे. समोरचा चुकीचं बोलतोय, बाईंना उत्तर येतंय, ओठ हलतायत, कान तांबडे होतायत, आणि मग त्या ताडकन उठून मागच्या अंगणात जात आणि धुण्याच्या दगडावर कुणाचं सापडेल ते लुगडं आपटत सुटत. एकदा माझी कोरी चादर अशीच त्यांच्या क्षमाशीलतेत फाटली.

हे सगळं गमतीचं. पण माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते एका दिवसाचं नव्हतं, आणि त्यात गंमत फार थोडी होती.

मला वसतिगृहात सोडायला अप्पा आले होते. अप्पा तंजावरच्या कोर्टात कारकून. गरीब स्वभावाचे, हळू बोलणारे, आणि मडीचे पक्के. मडी म्हणजे आमच्याकडचं सोवळं. मुलगी गणितात हुशार आहे, तिला मद्रासला पाठवा, असं शाळेतल्या मास्तरांनी अप्पांच्या मागे लागून लागून त्यांना कबूल करवलं होतं. घरच्यांची एकच अट होती. मुलीने स्वतःचं अन्न स्वतः मडीने रांधावं, दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊ नये. ज्या दिवशी खाईल त्या दिवशी शिक्षण बंद.

बाईंनी सांगितलं, इथे मेस आहे, सगळ्या मुली एका पंगतीला जेवतात, आणि खोलीत चूल मांडायला परवानगी नाही. अप्पांनी मान हलवली, हात जोडले आणि माझी ट्रंक उचलली. त्यांना राग आला नव्हता, उलट सुटल्यासारखंच वाटलं असावं. मी व्हरांड्यात उभी होते. सतरा वर्षांची. मला रडू येत नव्हतं, फक्त पाय हलत नव्हते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मी ते बखरीतलं वाक्य बोलले. त्या म्हणाल्या, "थांबा," आणि आत गेल्या. मग आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला. तो बराच वेळ येत राहिला. शेवटी बाई बाहेर आल्या. एका हातात लोखंडी तवा, दुसऱ्या हातात चहाची किटली, काखेत ज्वारीच्या पिठाचा डबा.

बाईंच्या खोलीमागे त्यांचं स्वतःचं एक छोटं स्वयंपाकघर होतं. मेसमध्ये रोज इडली, सांबार आणि कॉफी. त्यांना या तिन्हींचा मनापासून तिटकारा. पंधरा वर्षं मद्रासमध्ये काढून त्यांची जीभ नगरचीच राहिली होती. त्यांचा भाऊ गावाहून ज्वारीचं पीठ पाठवायचा, आणि संध्याकाळी त्या आपल्या चुलीवर एक भाकरी थापायच्या आणि कपभर चहा करायच्या. दिवसभरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

"ही खोली घ्या," त्या अप्पांना म्हणाल्या. "मेसची नाही, माझी आहे. धुऊन घ्या काय ती."

अप्पा गडबडले. "मग तुम्ही कोठें रांधणार, अम्मा?"

"मला इडली फार आवडते," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं. त्याबद्दल त्यांनी पुढच्या रविवारी देवाची माफी मागितली, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

अप्पांनी खोली धुतली. एकदा नाही, तीनदा. बाईंच्या डोळ्यांदेखत, अंगणातल्या नळाचं पाणी बादलीने ओतून. मग धोतराला हात पुसत बाहेर आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा, चुकी मानूं नका. या उंबऱ्याआंत दुसरं कोणी येऊं नये. तुम्हीसुद्धां."

बाईंचे कान तांबडे झाले. "बरं," त्या म्हणाल्या. "शब्द दिला." आणि मागच्या दगडावर धुणं आपटायला निघून गेल्या.

मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मी लपवणार नाही. आमच्याकडे हे असंच असायचं, आणि जे असंच असतं ते माणसाला दिसत नाही. दिसायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही आपोआप नाही.

झालं असं, की बाईंच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ एकदा वसतिगृहात आले आणि व्हरांड्यात बसून बाईंना बरंच बोलले. मी आत चुलीपाशी होते, सगळं ऐकू आलं. ज्यांनी तुमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्याच मुलीला तुम्ही स्वतःचं स्वयंपाकघर देता, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभ्या राहता? याला नम्रता म्हणत नाहीत. याने तुम्ही आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावता. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, आणि ते बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. मला विहिरीची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. हातातली पळी तशीच राहिली.

बाई म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. मला रोज संताप येतो. पण तिला गणित शिकायचंय. तिच्या बापाला शिकवत बसायला मला वेळ नाही. तिला शिकू द्या, बापाचं ती बघेल."

त्या संध्याकाळी मी चहा केला आणि कप उंबऱ्यावरून बाहेर धरला. दीड वर्षात मला हे सुचलं नव्हतं. त्यांनी आत यायचं नाही एवढीच अट होती, मी बाहेर काही द्यायचं नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं. बाईंनी कपाकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, तो वास त्यांना किती हवा होता ते स्पष्ट दिसलं.

"नको," त्या म्हणाल्या. "चहा सोडलाय."

"आजच्यापुरता?"

"तुझी परीक्षा होईपर्यंत. आता जा, ते दूध उतू जातंय."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या उंबऱ्याबाहेर वेताचा मोडा टाकून बसत आणि मला शिकवत. मराठी त्यांना येत होतं, गणित येत नव्हतं, तरी गणितही शिकवत. म्हणजे मी सिद्धता मोठ्याने म्हणायची आणि त्यांनी दर ओळीला "का?" विचारायचं. त्या "का"मुळे मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही. मधूनच त्या नाक वर करून म्हणत, "हिंग जळला," आणि तो खरोखरच जळलेला असे. हात लांब केला तर चुलीला लागेल एवढं ते अंतर, पण त्यांचं पाऊल कधी आत पडलं नाही.

तिसऱ्या वर्षी परीक्षेला दोन आठवडे उरले आणि मला हिवताप आला. बाईंनी डॉक्टर आणले, रात्रंदिवस उशाशी बसल्या, आणि अप्पांना तार केली. पण खायचं काय? रांधायची ताकद माझ्यात नव्हती आणि दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. दोन दिवस केळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले, की निदान भाताची पेज करू. चूल पेटेना. तीनदा लाकडं रचली, तीनदा ती हातातून निसटली. शेवटी तिथेच जमिनीवर बसले.

वर बघितलं तर उंबऱ्याबाहेर बाई उभ्या. हातात वाटी, वाटीतून वाफ येत होती.

"मेसमधली कंजी आहे, म्हणजे पेजच," त्या म्हणाल्या. "घे म्हणत नाही. नुसती धरून उभी आहे."

"बाई, आंत या," मी म्हणाले. ताप आला की माझं जुनं मराठी परत यायचं. "मज उठवत नाहीं. तुम्ही आंत या."

"नाही येणार. तुझ्या वडलांना शब्द दिलाय."

"मी सांगतें, या."

"तू कोण सांगणार? शब्द मी दिलाय." त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चिडलेला होता. असं एकाच वेळी फक्त त्यांनाच जमायचं.

तेव्हा मला कळलं की ही बाई मला पडलेली बघून तळमळेल, पण आत येणार नाही. आणि हेही कळलं की आत येण्याची गरजच नाही. दार दोन्ही बाजूंना उघडतं. मी गुडघ्यांवर सरकत निघाले, उंबऱ्याला धरून उठले आणि बाहेर आले. व्हरांड्यातल्या मेसच्या बाकावर बसले आणि वाटी मागितली. बाईंनी ती दिली नाही. चमच्याने स्वतः भरवली. एवढी चविष्ट कंजी मी पुन्हा कधी खाल्ली नाही, आणि ती मेसची होती, म्हणजे पातळ आणि अळणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले ते नेमके न्याहारीच्या वेळी. रात्रभराचा प्रवास, खांद्यावर पिशवी. बाकावर पंधरा-वीस मुली, त्यांच्यात मी, शेजारी बाई, आणि बाईंच्या हातातला चमचा माझ्या तोंडाशी.

अप्पा दारात थांबले. "अम्मा," ते म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होतां."

मी बाईंकडे बघितलं. कान तांबडे होत गेले, मग मान, मग सगळा चेहरा. आता ही बाई काय काय सुनावणार, याची मला भीती वाटली आणि थोडी आशाही. तीन वर्षांचं साठलेलं होतं आणि प्रत्येक शब्द खरा होता. आजोबांची विहीर होती. बाईंनी तोंड उघडलं. अप्पांच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे, जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या आईच्या हातच्या लाडवांच्या डब्याकडे बघितलं. आणि तोंड मिटून घेतलं. इतक्या मुलींसमोर त्यांनी त्या माणसाला खाली बघायला लावलं नाही.

मग मीच उठले.

"अप्पा, बाई तीन वर्षांत एकदांही आंत आल्या नाहींत. काल मी चुलीपाशीं पडलें होतें, तरी आल्या नाहींत. तुम्हांस शब्द दिला म्हणून. मी बाहेर आलें. मोडलं तें मी मोडलं. मज घरीं न्यायचं तर न्या, पण त्यांस कांहीं बोलूं नका."

अप्पा मागच्या व्हरांड्याकडे गेले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. तिथे बाहेरच्या खुंटीला तो लोखंडी तवा टांगलेला होता. समुद्राच्या हवेने तो पार गंजून गेला होता.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"बाईंचा," मी मागून म्हणाले.

"तेव्हांपासून इथेंच?"

"होय अप्पा."

ते पुष्कळ वेळ त्या तव्याकडे बघत उभे होते. मला वाटलं आता ते ट्रंक मागतील. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, अट म्हणजे अट. अकरा दिवसांवर आलेली परीक्षा, तीन वर्षांच्या सिद्धता, सगळं त्या एका पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत मी मनातून सोडून द्यायला लागले होते. मग अप्पा वळले, पंगतीपाशी आले आणि बाकाच्या टोकाला, दोन तमिळ मुलींच्या शेजारी, अंग चोरून बसले.

"अम्मा," ते म्हणाले, "मजही थोडी कंजी द्या."

आणि आमच्या बाई, तीन वर्षं अप्पांना उलटून एक शब्द न बोललेल्या आमच्या बाई, कमरेवर हात ठेवून गरजल्या, "आधी हातपाय धुऊन या! रेल्वेच्या धुळीने माखलेले माझ्या बाकावर बसता?"

मग अप्पांना हसू फुटलं. तंजावरच्या घरात त्यांना मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते आज्ञाधारकपणे उठले, नळावर गेले, हातपाय धुतले, चूळ भरली आणि येऊन बसले. बाईंनी वाढलं. अप्पांनी खाल्लं. दुसऱ्यांदा मागितलं. पहिला चमचा त्यांनी दोनदा तोंडाशी नेऊन परत वाटीत ठेवला होता, ते फक्त मला आणि बाईंना दिसलं, आणि बाई लगेच दुसरीकडे बघायला लागल्या.

"परीक्षा कधीं?" अप्पांनी विचारलं.

"अकरा दिवसांनी," बाई म्हणाल्या. "आणि हिची अजून निम्मी उजळणी व्हायचीय, तेव्हा तुम्ही जेवा आणि गाडी पकडा. इथे बसून तिचा वेळ खाऊ नका."

मी परीक्षेला बसले. अंगात त्राण नव्हतं, पण प्रत्येक प्रश्नाच्या खाली मला तो "का?" ऐकू येत होता, आणि मी त्याला उत्तरं देत गेले. निकाल पेपरात आला त्या सकाळी बाई पेपर घेऊन गल्लीत उतरल्या. आपलं केलेलं लपवण्यात जन्म गेलेली ती बाई दूधवाल्याला, धोब्याला, फुलवालीला थांबवून थांबवून माझा नंबर बोटाने दाखवत होती, आणि मोडक्या तमिळमध्ये सांगत होती, "एन पोण्णु! माझी मुलगी! पहिला वर्ग!" फुलवालीने आनंदाने दोन हात लांब मोगऱ्याचा गजरा फुकट दिला. तो बाईंनी स्वतःच्या अंबाड्यात माळला. त्यांच्या केसांत फूल मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

आठवड्याने अप्पांचं पत्र आलं. पत्र मला नव्हतं, बाईंना होतं. अप्पांनी बाईंना लिहिलेलं ते पहिलं पत्र. तीनच ओळी होत्या. धाकटीचीही शाळा संपली आहे. तिला जूनमध्ये घेऊन येतो. वेगळी चूल नको, ती सगळ्यांच्या पंगतीला बसेल.

बाईंनी व्हरांड्यात उभं राहून ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मी वाट बघत होते की त्या काय म्हणतात.

"अक्षर किती वाईट आहे गं तुझ्या वडलांचं!" त्या म्हणाल्या, आणि चौथ्यांदा वाचायला लागल्या.